यमाला होकार

माणसानं पोटासाठी कुठलीही नोकरी करावी, पण जिच्यात उठल्याबसल्या यमाचं नाव घ्यावं लागतं अशी करू नये. मी ती गेली कित्येक वर्षं करतो आहे. नाही, मी वैकुंठावर नोकरीला नाही आणि विम्याचा एजंटही नाही. पुण्यातल्या एका इस्पितळाच्या तळघरात संगणकांची एक गार खोली आहे, तिथली यंत्रं मी सांभाळतो. ही यंत्रं लिनक्सवर चालतात. त्यांच्यावर नवं सॉफ्टवेअर चढवायचं, जुनं उतरवायचं, हे सगळं पाहणारा एक कारभारी लिनक्सच्या पोटात असतो. त्याचं नाव इंग्रजी तीन अक्षरांचं आहे. वाय, यू, एम. उच्चार यम. साहेबाच्या मुलखात काही चविष्ट खाल्लं की लोक हाच उद्गार काढतात. आपल्याकडे त्या उच्चाराची ख्याती वेगळी आहे. 'यम इन्स्टॉल', 'यम अपडेट' आणि 'यम रिमूव्ह' अशा त्याच्या आज्ञा. त्यांतली तिसरी तेवढी नावाला शोभते.

घरून फोनवर मी हाताखालच्या पोराला सांगत असतो, "आधी यम चालव. काय म्हणतो ते मला वाचून दाखव. पण मी आल्याशिवाय त्याला हो म्हणू नकोस." एवढं बोलून फोन ठेवला की आई देवघरातून बाहेर येते आणि विचारते, "कोण आजारी आहे रे?"

सुरुवातीला मी तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग नाव बदला म्हणावं. देवाधर्मात नावांचा काय तोटा आहे?"

वास्तविक हे नाव यमावरून आलेलंच नाही. ॲपलच्या पॉवरपीसी यंत्रांसाठी 'यलो डॉग' म्हणजे पिवळा कुत्रा नावाचं एक लिनक्स होतं. त्याचा जो अपडेटर होता, तो अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या मंडळींनी नव्यानं लिहून काढला आणि नाव ठेवलं 'यलोडॉग अपडेटर, मॉडिफाइड'. त्याची आद्याक्षरं म्हणजे यम. हे मी आईला मोठ्या विजयानं सांगितलं, की बाई गं, हा यम नव्हे, हा कुत्रा आहे. तर ती म्हणाली, "मग तोच की! धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा शेवटी कोण निघाला? यमधर्मच ना?" ड्यूक विद्यापीठात हे कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

बरं, कारभारही अगदी यमलोकासारखाच. यम स्वतः काही उचलत नाही की ठेवत नाही. त्याच्या हाताखाली आरपीएम नावाचा चित्रगुप्त असतो. या यंत्रावर कोणतं पॅकेज कधी आलं, कुठल्या आवृत्तीचं आहे, त्याच्या कुठकुठल्या फायली कुठे पसरल्या आहेत, याची खडान्‌खडा नोंद त्याच्या वहीत. तुम्ही म्हणालात, अमुक एक नवं आणा, की यम ती वही बघतो, भांडारात काय शिल्लक आहे ते बघतो, आणि हिशोब मांडतो. हा हिशोब लग्नाच्या आमंत्रणासारखा असतो. बोलवायचं असतं एकट्या मामांना. पण मामा मामीशिवाय येत नाहीत, मामी तिच्या बहिणीशिवाय येत नाही आणि बहिणीच्या यजमानांना डायबेटिस असल्यामुळे त्यांचं वेगळं. असे एकाचे एकतीस झाले की यम ती सगळी यादी पडद्यावर छापतो आणि अखेरीस नम्रपणे विचारतो, "इज धिस ओके?" पुढे कंसात उत्तराची अक्षरं. होकाराचा वाय धाकट्या लिपीत आणि नकाराचा एन थोरल्या लिपीत. म्हणजे तुम्ही काहीच न बोलता नुसतं एंटर दाबलंत तर तो नाहीच धरतो. साक्षात यम दारात येऊन "येताय का?" असं विचारतो आणि उत्तर आलं नाही तर निमूट परत जातो, ही सोय सॉफ्टवेअर सोडून कुठेही नाही.

पण आपल्या लोकांना प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हणायची खोड. बँकेचा फॉर्म असो, मंगल कार्यालयाचा करार असो, फुली मारली आहे तिथे सही ठोकून मोकळे. पानभर बारीक टायपातल्या अटी वाचून मग सही करणारा इसम मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते माझे वडील. रेल्वेच्या तिकिटाची मागची बाजूही ते वाचत. २०१७ साली आमच्याच इस्पितळात त्यांचा छातीचा सीटी स्कॅन करायचा होता, तर संमतिपत्राची दोन पानं वाचायला त्यांनी वीस मिनिटं लावली. मागे स्ट्रेचरांची रांग. मी कर्मचारी, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. शेवटी चष्मा काढून ते तंत्रज्ञाला म्हणाले, "दुसऱ्या पानावर 'परिणाम'मधला णा राहिलाय. 'परिम' झालंय. तो घाला, मग सही करतो." घातला. मग सही केली. तो त्यांचा शेवटचा स्कॅन.

तो स्कॅन आणि इस्पितळातले तमाम एक्स-रे, सीटी, एमआरआय माझ्या त्या तळघरातल्या यंत्रांवर राहतात. ते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव सेफ. सुरक्षित या अर्थाचं सेफ नव्हे. सी-ई-पी-एच. शीर्षपाद प्राण्यांना, म्हणजे ऑक्टोपस, माकली वगैरे मंडळींना, इंग्रजीत जे सेफॅलोपॉड म्हणतात त्यातला हा तुकडा. परंतु आमच्या साहेबांनी खरेदीच्या फाइलवर सही केली ती नावाच्या उच्चाराकडे बघून. "नावच सेफ आहे म्हटल्यावर काय बघायचं?" असं म्हणाले होते. मी काही बोललो नाही. मंजुरी मिळत असताना व्युत्पत्ती सांगू नये.

नाव काही असो, माल मात्र अस्सल. आमच्याकडे पाच यंत्रं, प्रत्येकात बारा डिस्का, एकूण साठ. कुठलीही फाइल आली की सेफ तिच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतो. (ऑक्टोपसला हृदयंही तीनच असतात.) गंमत अशी की कुठल्या फाइलीची प्रत कुठल्या डिस्कवर आहे हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नसतं. फाइलीच्या नावावरून दर वेळी गणित करून जागा काढायची. तेव्हा बाबांचा फोटो नेमका कुठे आहे असं विचारलंत, तर माझं उत्तर आईच्या उत्तरापेक्षा फार वेगळं नाही. आहेत, इथेच कुठेतरी तीन ठिकाणी आहेत.

तर या सेफची आवृत्ती बदलायची होती. त्याच्या आवृत्त्यांना इंग्रजी मुळाक्षरांच्या ओळीनं नावं ठेवतात. आमची होती ल्युमिनस, म्हणजे एल, म्हणजे बारावी. जायचं होतं नॉटिलसवर, म्हणजे चौदावी. मधली तेरावी गाळली तरी चालते, एका वेळी एकच इयत्ता गाळायची परवानगी आहे. पण चढलात की चढलात. इतर पॅकेजांचं तसं नाही. तिथे 'यम हिस्टरी अनडू' म्हणून एक आज्ञा आहे. ती सत्यवानाची सावित्री. यमाच्या मागे जाऊन नेलेलं परत आणते, निदान पुष्कळदा आणते. सेफच्या बाबतीत मात्र सावित्रीचं काही चालत नाही. खालच्या इयत्तेत परत बसता येत नाही.

यासाठी साहेबांनी शनिवारची रात्र मुक्रर केली, कारण तेव्हा स्कॅनची गर्दी कमी. तारीख २८ सप्टेंबर २०१९. मी हो म्हटलं. घरी येऊन कालनिर्णयात पाहिलं तर सर्वपित्री अमावस्या. म्हणजे मीही वाचून हो म्हणणाऱ्यांतला नव्हेच. आईनं फक्त माझ्याकडे बघितलं. ही म्हणाली, "सर्वपित्रीला रात्रभर यमाबरोबर बसणार? डबा देऊ की पिंड?"

दुपारी बाबांचं पान झालं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं आणि आम्ही तिघं लांब उभे राहिलो. कावळा येईना. पुण्यात एरवी नको तिथे कावळे असतात, पण पितृपक्षात त्यांना मागणी फार. एक कबुतर आलं, त्याला आईनं हाकललं. त्याला अधिकार नाही. "त्यांचं काहीतरी राहिलंय," ती पुटपुटली. मग मला म्हणाली, "तू काहीतरी कबूल कर." मला काय सुचावं? मी हात जोडून म्हटलं, "बाबा, रात्रीची यादी नीट वाचीन." तरीही कावळा आला नाही. अडीच वाजता मी जेवून निघालो.

रात्री दहाला तळघरात आम्ही दोघे. मी आणि हाताखालचा पोरगा. पोरगा हुशार, पण आजच्या पिढीचा. यमाला आज्ञा देतानाच पुढे एक 'डॅश वाय' जोडली की यम प्रश्नच विचारत नाही, होकार गृहीत धरतो. ही पोरं ती सगळीकडे जोडतात. मी त्याला सांगितलं, "आज डॅश वाय नाही. मी वाचतो, तू टिपणवहीत खूण कर." टिपणवही मीच केली होती. निळ्या शाईत, क्रमवार.

पहिलं काम म्हणजे 'नोआउट'. हे जरा समजून घेतलं पाहिजे. एखादी डिस्क दिसेनाशी झाली की सेफ दहा मिनिटं वाट बघतो. मग ती गेली असं धरून तिच्या वाट्याच्या प्रती बाकीच्यांत वाटायला सुरुवात करतो. आपल्या कायद्यात माणूस बेपत्ता झाला तर सात वर्षं धीर धरतात, इथे दहा मिनिटांत वाटण्या! आपण तर यंत्रं मुद्दाम बंद-चालू करणार. म्हणून आधी सांगून ठेवायचं, बाबा रे, आज रात्री कोणी दिसलं नाही तर मेलं समजू नकोस. हे सांगितलं की सेफ ऐकतो, पण नाराजी म्हणून तब्येतीच्या रकान्यात 'हेल्थ ओके'च्या जागी 'हेल्थ वॉर्न' लावून बसतो.

मग तीन मॉनिटर. हे सेफमधले पंच. तिघांतल्या दोघांचं एकमत असल्याशिवाय पान हलत नाही, म्हणून एका वेळी एकाच पंचाला उठवायचं. पहिल्या यंत्रावर यम चालवला. यादी आली. मी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. पोरगा जांभया देत होता. वाय दाबला. यमानं काम केलं आणि शेवटी "कम्प्लीट!" असं उद्गारचिन्हासह जाहीर केलं.

आता नवख्याला वाटेल झालं. झालेलं काहीच नसतं. डिस्कवर नवी आवृत्ती येऊन बसते, पण मेमरीत जुनीच चालू असते. बदलीचा हुकूम निघाला, नवा माणूस हजर झाला, आणि जुना हेडक्लार्क खुर्ची सोडतच नाही, असा प्रकार. त्याला हाताला धरून उठवावं लागतं, म्हणजे रीस्टार्ट करावं लागतं. कोण उठला आणि कोण अजून बसलाय हे बघायला 'सेफ व्हर्जन्स' अशी आज्ञा आहे. ती आमच्या सरकारी कचेऱ्यांत असती तर काय बहार झाली असती!

पंच आटोपले, मॅनेजर आटोपले, मग डिस्कांची पाळी. एकेक यंत्र. पहिली तीन नीट झाली. चौथ्याला यम चालवला, यादी वाचली, वाय दाबला, डिस्का नव्या आवृत्तीवर उठवल्या. एवढ्यात वरून चहा आला. चहा घेतला आणि यंत्र रीबूट केलं.

यंत्र उठलं. डिस्का उठल्या नाहीत. एक नाही, दोन नाही, बाराच्या बारा. पडद्यावर ओळ आली, 'वन होस्ट, ट्वेल्व्ह ओएसडीज डाउन'. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.

मला घाम फुटला. त्या खोलीत अठरा डिग्री असते. पोरगा म्हणाला, "सर, यादी तर तुम्ही सगळी वाचली होती."

वाचली होती. पण जो गेला त्याचं नाव यादीत नव्हतंच. जुन्या सेफमध्ये 'सेफ-डिस्क' म्हणून एक छोटा प्रोग्राम होता. यंत्र चालू झालं की एकेका डिस्कला हाक मारून उठवायचं काम त्याचं. शाळेच्या घंटेच्या शिपायासारखा. नॉटिलसमध्ये तो सेवानिवृत्त झाला आणि त्याच्या जागी 'सेफ-व्हॉल्यूम' आला. नव्या शिपायाला जुन्याच्या डिस्का आपोआप ओळखू येत नाहीत. त्या चालू असतानाच एकदा 'सिंपल स्कॅन' करून त्याला दाखवून द्याव्या लागतात, ही कोण, ती कोण. यम पॅकेजांची नावं छापतो, पॅकेजाच्या पोटातला कोण निवृत्त झाला ते सांगत नाही. ते नव्या आवृत्तीच्या टिपणांत लिहिलेलं असतं. मी तेही वाचलं होतं, टिपणवहीत उतरूनही घेतलं होतं, आणि पहिल्या तीन यंत्रांवर केलंही होतं. चौथ्याला पोरगा चहा घ्यायला दाराशी गेला, ती ओळ राहिली.

आता तीनपैकी एक प्रत चौथ्या यंत्रावर होती अशा साऱ्या फायलींच्या दोनच प्रती उरल्या. दुसऱ्या एखाद्या यंत्रातली एक डिस्क अशा वेळी गेली, तर त्या दोन्ही डिस्कांवर मिळून ज्यांच्या प्रती होत्या त्या फायली सेफ उघडूच देत नाही. उरलेली एकुलती एक प्रत तो जपून धरून बसतो. आमच्या डिस्का वयानं साडेचार वर्षांच्या.

आणि अशा वेळी फोन वाजला. वरच्या मजल्यावरचा तंत्रज्ञ. "सर, अपघाताची केस आलीय. पेशंटचा मागच्या वर्षीचा डोक्याचा स्कॅन आपल्याकडे आहे. डॉक्टरांना नव्याशी ताडून बघायचाय. तुमचं काम चाललंय ना, उघडेल ना?"

मी म्हटलं, "हो."

न वाचता, न बघता, सरळ हो. पलीकडे माउसची टकटक ऐकू येत होती. मी आयुष्यात इतकी टकटक ऐकलेली नाही. मग तो म्हणाला, "आला, सर," आणि फोन ठेवला. त्याच्या लेखी यात विशेष काही नव्हतं.

दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती, पण नोआउट लावलेलं असल्यामुळे वाटण्या सुरू झाल्या नव्हत्या. बंद पडलेल्या डिस्काही नव्या शिपायाला दाखवता येतात, फक्त प्रत्येकीचा पत्ता हातानं द्यावा लागतो. पोरगा पत्ते वाचत होता, मी टंकत होतो. बारा पत्ते. दर पत्त्याला तो म्हणे, "वाचा सर पुन्हा," आणि मी निमूट वाचून दाखवी. पावणेतीनच्या सुमाराला पहिली डिस्क उठली, मग एकामागून एक सगळ्या. मधल्या वेळातलं जे लिखाण चुकलं होतं ते त्यांनी शेजाऱ्यांकडून उतरवून घेतलं. पाचव्या यंत्राला आम्ही दोघांनी मिळून खुणा केल्या. चहा नाकारला.

साडेचारला सगळं झालं. साठच्या साठ डिस्का हजर, सगळ्या प्रती तीन-तीन, सगळ्या आवृत्त्या चौदाव्या. आणि तब्येतीच्या रकान्यात? 'हेल्थ वॉर्न'.

आम्ही पडद्यापासून जरा लांब उभे राहिलो. त्या वेळी मला दुपारची गच्ची आठवली. पान वाढलंय, सगळं यथासांग आहे, आणि शिवत नाही. काहीतरी राहिलंय. आम्ही एकेक कबूल करू लागलो. पंचांनी नव्या पद्धतीनं बोलायला लागायचं असतं, ती आज्ञा दिली. एक तक्रार गेली, वॉर्न राहिलं. सगळ्या डिस्का नॉटिलसच्याच असतील असं लिहून द्यायचं असतं, ते लिहून दिलं. नाही. पोरगा टिपणवहीची पानं मागे मागे उलटत पहिल्या पानावर गेला आणि ओरडला, "सर, नोआउट काढायचं राहिलंय!"

काढलं. हिरव्या अक्षरांत आलं, 'हेल्थ ओके'. शिवला.

पोरगा म्हणाला, "काय शिवला, सर?" मी म्हटलं, "काही नाही."

आता ही सगळी गंमत संपल्यात जमा आहे. त्या यंत्रांवरच्या सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. नव्या लिनक्सांत यम हे नुसतं नाव उरलंय, त्या नावानं हाक मारली की ओ देतो तो डीएनएफ नावाचा त्याचा नटवा वारस. सेफच्या नव्या आवृत्त्या एका आज्ञेत आपल्या आपण क्रमानं चढतात, आधी पंच, मग डिस्का. तो पोरगा आता बंगळुरात मोठ्या पगारावर आहे, आणि डॅश वाय अजून जोडतो असं ऐकतो.

निघण्यापूर्वी मी वर फोन लावला. काम झाल्यावर एखादा जुना फोटो उघडून बघायचा असा नियम आहे. तंत्रज्ञ म्हणाला, "कुठला उघडू?" मला एकच नंबर पाठ होता, तो सांगितला.

"उघडला, सर. छातीचा आहे. दोन हजार सतरा. सोबत संमतिपत्रही स्कॅन करून लावलंय. दुसऱ्या पानावर पेनानं काहीतरी णा घातलाय. ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "बंद करा."

घरी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. आई घटस्थापनेच्या तयारीत होती, परातीत माती कालवत बसलेली. तिनं वर न बघता विचारलं, "झालं का तुझ्या यमाचं?"

"झालं."

"काय म्हणाला?"

"कम्प्लीट म्हणाला."

"मग आंघोळ करून घे," ती म्हणाली. "आणि कावळा आला होता संध्याकाळी. वडा तेवढा नेला, खीर ठेवली. गोड चालायचं नाही त्यांना."